तिसरी पिन

रुद्रप्पाच्या दुकानात त्या रविवारी सकाळी गिटारचा आवाज मोठा करणारे दोन अँप शेजारी शेजारी मांडून ठेवले होते आणि कुमारला त्यातला एक निवडायचा होता. आधीचा अँप एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात मधेच बंद पडला होता. उरलेला दीड तास कुमार नुसती गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला. ऐकणाऱ्यांच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही, हे त्याला जास्त लागलं होतं.

कुमार अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. बत्तीस माग, त्यांच्या मोटारी, पॅनेल, सगळी वायर त्याच्या हाताखाली. गाव सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. गिटार तो सोलापुरात आल्यावर शिकला, दुसऱ्यांची बोटं बघून बघून. त्याच कारखान्यात अमृत टॉवेलच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचा. अमृतचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. त्याचा आवाज असा की मागांच्या खडखडाटातही तो गुणगुणायला लागला की आजूबाजूचे दोघंतिघं हात थांबवून ऐकायचे. दोघांनी मिळून आठ वर्षांपूर्वी पाचजणांचा ऑर्केस्ट्रा काढला होता. लग्नं, बारशी, गणपती, एखाद्या सोसायटीचं स्नेहसंमेलन. कारखान्याच्या पगारावर घर चालायचं आणि ऑर्केस्ट्रावर ते दोघं.

रुद्रप्पाचं दुकान भवानी पेठेत. टीव्ही, मिक्सर, स्पीकर, पाण्याच्या मोटारी, काहीही दुरुस्त करायचा. बोलायला कमी. त्यानं मांडलेल्या दोन अँपपैकी एक काळा चौकोनी डबा होता, ट्रान्झिस्टरचा, पाचसहा वर्षं वापरलेला. टेम्पोतून पडला तरी दुसऱ्या मिनिटाला चालू होईल असा. दुसरा जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला. कधी काळी हुबळीच्या कुठल्याशा क्लबात कुणीतरी हातानं बनवलेला, तिथून भंगारात गेलेला आणि भंगारातून रुद्रप्पानं उचललेला. व्हॉल्व्ह, वायर, बोर्डात घालायचा तीन पिनांचा टॉप सगळं त्यानं नवं घातलं होतं. आतला ट्रान्सफॉर्मर तेवढा जुनाच होता.

कुमारनं आधी डब्याला गिटार लावली. आवाज स्वच्छ होता, पण सपाट. बोट उचललं की सूर तिथंच तुटायचा. मग त्यानं लाकडी पेटीचं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर गेलं. आतून नारिंगी उजेड दिसायला लागल्यावर त्यानं एकच तार छेडली. सूर सुटला आणि लगेच मेला नाही. थोडा जाड होत, थोडा खरखरत, बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसा विरला. अमृत दारात उभा होता, तो आत आला आणि स्टुलावर बसला.

रुद्रप्पानं डबाच घ्यायला सांगितलं. म्हणाला, पेटीचा आवाज गोड आहे हे मलाही कळतं, पण तुम्हाला गावोगाव फिरायचंय, उन्हात, टेम्पोत. या ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तारांवरचं वेष्टन कधी वितळेल याची मी हमी देणार नाही. कुमारला हे पटलं होतं. मोटारी जळताना त्यानं रोज बघितल्या होत्या. तो डब्याचाच विचार करत होता, आणि अमृत म्हणाला, "माझ्या आवाजामागं हेच पायजे."

कुमारनं त्याला ट्रान्सफॉर्मरचं समजावून सांगितलं. अमृतनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की आठ वर्षं आपण लोकांच्या जेवणामागं वाजवतोय, लोक भात कालवतात आणि आपण वाजवतो. एकदा तरी कुणीतरी घास थांबवावा. तो असं कधी बोलायचा नाही. आणि खरं सांगायचं तर कुमारलाही ती पेटीच हवी होती. अमृतनं म्हटल्यावर त्याला स्वतःला म्हणावं लागलं नाही, इतकंच.

पेटी टेम्पोत ठेवताना रुद्रप्पा बाहेर आला. "एक ध्यानात ठेव बे," तो कुमारला म्हणाला. "अर्थिंग न्हाय तितं हा लावायचा न्हाय. बाकी काय बी झालं तर माझ्याकडं आण."

पहिल्या दोन महिन्यांत अमृत म्हणाला होता तसं खरंच झालं. बार्शीतल्या एका लग्नात नवरीचे आजोबा जेवणाच्या टेबलावरून उठून स्टेजपाशी आले आणि शेवटपर्यंत खुर्ची टाकून बसले. एका हॉलवाल्यानं स्वतःहून चार कार्यक्रम दिले. पेटीनं त्रासही दिला. एकदा व्हॉल्व्ह गेला, दोनदा फ्यूज उडाला. कुमार आता पिशवीत जादा फ्यूज आणि व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवायचा, आणि ते बदलायला त्याला मनापासून आवडायचं.

एकच गोष्ट जात नव्हती. पेटी आणि माईकचा सेट एकाच बोर्डावर लावले की मधून घुंगाट यायचा. मोठ्या गाण्यात तो दबून जायचा, पण अमृत हळू आवाजात काही गायला लागला की मागं भुंगा अडकल्यासारखं घूं चालू. एका कार्यक्रमात यजमानांनी पंखा बंद करायला लावला, त्यांना वाटलं पंख्याचाच आवाज. अमृत खाली उतरल्यावर कुमारला म्हणाला की एवढं काहीतरी कर.

यावर उपाय कुमारला माहीत होता. दोन्ही सेटांचं अर्थिंग एकमेकांशी भांडतं, तिथून तो आवाज येतो. मधे लावायचा एक छोटा भाग मिळतो. रुद्रप्पानं तो पुण्याहून मागवला, पण यायला तीन आठवडे लागणार होते आणि कार्यक्रम चार दिवसांवर होता. कुमारनं पेटीच्या वायरचा टॉप उघडला, तीन पिनांपैकी वरची मोठी पिन, अर्थिंगची, सोडवली आणि खिशात टाकली. टॉप पुन्हा बंद केला. बोर्डात लावून बघितलं. घुंगाट गेला होता. पेटी इतकी शांत झाली की चालू आहे का बंद ते हात लावल्याशिवाय कळेना.

अमृतनं विचारलं, काय केलंस? कुमार म्हणाला, केलं दुरुस्त.

हे काही दिवसांपुरतं आहे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो काळजीही घ्यायचा. रबरी तळाचे बूट घातल्याशिवाय गिटारला हात लावायचा नाही. गिटार गळ्यात असताना माईकजवळ जायचा नाही. एकदोनदा तारांवरून हात फिरवताना बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा त्यानं ठरवलं की सोमवारी पेटी रुद्रप्पाकडं न्यायची. सोमवार आला आणि गेला. तीन आठवड्यांनी रुद्रप्पाचा फोन आला की भाग आलाय, घेऊन जा. कुमार हो म्हणाला. पण पेटी नेली असती तर टॉप दिसला असता, आणि मग रुद्रप्पानं काही न बोलता त्याच्याकडं नुसतं बघितलं असतं. ते बघणं त्याला नको होतं. असे चार महिने गेले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शहराबाहेरच्या एका लॉनवर लग्न होतं. मुहूर्त साडेबाराचा, ऑर्केस्ट्रा अकरापासून. त्याच सकाळी कारखान्याचं मुख्य पॅनेल जळालं. सगळे माग बंद. मालकानं कुमारला बोलावून घेतलं आणि चालू होईपर्यंत हलायचं नाही म्हणून सांगितलं. अमृतला गिटार साथीपुरती येत होती. तो कारखान्याच्या गेटवर पेटी आणि बाकी सामान भरलेला टेम्पो घेऊन आला, कुमारनं घरून आणलेली गिटार त्याच्या हातात दिली.

त्या वेळी सांगायचं कुमारच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते सांगायचं तर चार महिन्यांपूर्वी काय केलं तेही सांगावं लागणार होतं. तो एवढंच म्हणाला, "बूट घालून वाजव."

अमृत हसला. पायातली नवी कोल्हापुरी त्यानं वर करून दाखवली आणि टेम्पोत बसला. स्टेजवर चढताना अमृत चप्पल काढून ठेवतो, नमस्कार करतो आणि मगच माईक घेतो, हे कुमार आठ वर्षं बघत आला होता. टेम्पो वळल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं. त्यानं फोन काढला. तेवढ्यात आतून हाक आली आणि तो आत गेला.

पॅनेल उघडून तो कोपरापर्यंत आत होता. पॅनेल थंड करायला लावलेल्या मोठ्या पंख्यांच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. एक वाजता हात पुसून त्यानं फोन बघितला तर कीबोर्ड वाजवणाऱ्याचे अकरा मिस्ड कॉल होते.

काय झालं ते त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात तुकड्यातुकड्यानं कळलं. ऊन फार होतं म्हणून लॉनवाल्यानं स्टेजच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा फवारा मारणारे पंखे लावले होते. स्टेजवरची सतरंजी ओली झाली होती. पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्यात अमृतनं गिटारवर हात ठेवून तोंड माईकजवळ नेलं, ओठ माईकच्या जाळीला लागले आणि तो ताठ झाला. गाणं थांबलं. समोरच्यांना वाटलं तो शब्द विसरला. मग तो माईकच्या स्टँडसकट खाली आला. ढोलकीवाला त्याला धरायला धावला आणि फेकला गेला. मांडवाचा वायरमन जनरेटरपाशी होता, त्यानं पळत जाऊन मेन स्विच पाडला. तोवर उशीर झाला होता.

अमृतची बायको रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. तिनं कुमारकडं बघितलं आणि विचारलं की तुम्ही कुठं होतात. कुमारनं सांगितलं, कारखान्यात. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गावात, पाण्याच्या कडेला अमृतला जाळलं. आई बजाबाई शेवटपर्यंत रडली नाही. कुमारनं लाकडं रचली, खांदा दिला, सगळं केलं. परत येताना एसटीत कुणीतरी बोलत होतं की त्या वायरमनला बरा धुतला. बिरुदेव त्याचं नाव. अमृत पडल्यावर वऱ्हाडातल्या लोकांनी त्यालाच पकडलं. ज्यानं मेन बंद केला त्याचाच हात मेनवर होता, म्हणजे त्याचीच चूक, असं लोकांनी धरलं. खुर्च्यांनी मारलं. पोलिसांनी त्याला त्यांच्या तावडीतून सोडवलं आणि आत घातलं. बाहेर जमाव होता, म्हणून कलमही जड लावलं, जामीन न होणारं.

पोलिसांनी माईक, मांडवाचा बोर्ड आणि वायरचं भेंडोळं जप्त केलं होतं. पेटी आणि गिटार मात्र गोंधळात ऑर्केस्ट्राच्या पोरांनी बाकीच्या सामानाबरोबर टेम्पोत भरून सरावाच्या खोलीवर आणून टाकली होती. कुमार मंगळवारी तिथं गेला. पेटीची वायर भोवती गुंडाळलेली होती, टॉप वरच होता, दोन पिनांचा. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नवा टॉप बसवायला पाच मिनिटं पुरली असती. त्याच्या पिशवीत टॉप होताही. तो बराच वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसला. मग पेटी रिक्षात घालून रुद्रप्पाकडं गेला.

रुद्रप्पानं आधी टॉप बघितला. मग पेटी उघडली आणि मीटरचं एक टोक ट्रान्सफॉर्मरला, दुसरं पेटीच्या पत्र्याला लावलं. त्यानं मीटर कुमारकडं फिरवला. वेष्टन वितळलं होतं. बोर्डातला सगळा करंट पत्र्यावर, पत्र्यावरून गिटारच्या तारांवर उतरत होता.

"पिन असती तर फ्यूज उडाला असता," रुद्रप्पा म्हणाला. "तेवढंच झालं असतं."

रुद्रप्पानं पेटीचे स्क्रू एकेक करून पुन्हा बसवले. मग त्यानं सांगितलं की पोलीस विचारायला आले तर मी खरं ते सांगेन. पण ते माझ्याकडं कशाला येतील, त्यांना माणूस मिळालाय. पेटी त्यानं दुकानात ठेवून घेतली नाही. दुकानाच्या पायरीपर्यंत स्वतः उचलून आणून दिली. कुमारनं ती परत सरावाच्या खोलीवर नेऊन ठेवली.

त्यानंतरचे दिवस कुमार कारखान्यात जात राहिला. पॅनेल त्यानं नवं बांधलं, चांगलं बांधलं. घरी त्याची बायको सोनाली त्याला जेवायला वाढायची आणि तो जेवायचा. तिला वाटत होतं मित्र गेल्याचं दुःख आहे, आणि ते होतंही. तो रोज सकाळी ठरवायचा की आज पोलीस स्टेशनला जायचं. रोज काहीतरी कारण सापडायचं. सायंकाळी सायकल पोलीस स्टेशनवरून न्यायची असली की तो पुढच्या चौकातून वळसा घ्यायचा. बिरुदेवच्या बायकोनं पोलीस स्टेशनच्या फाटकाशी ठाण मांडलंय, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं तिला पाहिलं नाही, कारण तो तिथून गेलाच नाही.

दहाव्याला तो गावात गेला. पाण्याच्या काठावर पिंड ठेवला. कावळा बराच वेळ शिवेना. लोक एकेक करून पुढं येऊन बोलत होते की पोरांना आम्ही सांभाळू, आईला सांभाळू, काळजी करू नको. कुमारच्या आधीच्या माणसाचं बोलणं झालं आणि कावळा शिवला. कुमारला पुढं जावं लागलं नाही.

घरी पंगत बसली. कुमारच्या ताटात वाढून झालं होतं. बजाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली की तुला करंटातलं कळतं, मोठ्या कारखान्यात तू हाईस, तुझा शब्द साहेब ऐकंल. उद्या जाऊन लिहून दे, त्या वायरवाल्यानं कसं केलं ते. त्यो सुटाय न्हाय पायजे. हे ती हळू आवाजात, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत होती.

कुमारनं घास खाली ठेवला.

"काकू, त्याची चूक न्हाय," तो म्हणाला. "माझी हाय."

तिला वाटलं तो मित्राच्या मायेनं बोलतोय. मग त्यानं सगळं सांगितलं. घुंगाट, टॉप, पिन, चार महिने. कारखान्याच्या गेटवर काय सांगायचं होतं आणि काय सांगितलं. तो बोलत होता तशी पंगत शांत होत गेली. वाढणारे भांडी हातात धरून उभे राहिले. रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात होती.

"ह्यास्नी ठावं हुतं का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"ह्यांनी इचारलं न्हवतं?"

"इचारलं हुतं. मी दुरुस्त केलं म्हनून सांगितलं."

रेश्मा आत गेली. बजाबाईनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या लेकराच्या पंगतीत बसू नगंस."

तो उठला. त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. लोकांनी सरकून वाट करून दिली, आणि तो उन्हात चार किलोमीटर चालत हमरस्त्यावर आला. सोलापूरची एसटी मिळाली. घरी न जाता तो खोलीवर गेला, पेटी आणि गिटार घेतली आणि पोलीस स्टेशनला पोचला.

तिथल्या साहेबांना आधी काय चाललंय तेच कळेना. त्यांनी विचारलं की तू कशाला अंगावर घेतोस, वायरमन तुझा पाव्हणा आहे का? कुमारनं टॉप दाखवला. पेटीतलं काय बिघडलंय ते सांगितलं. साहेबांनी हवालदाराला पेटी बोर्डात लावायला सांगितलं, तेव्हा कुमार इतक्या मोठ्यानं नको म्हणाला की सगळे दचकले. त्यानंतर त्यांनी ती कागदात गुंडाळून बाजूला ठेवली आणि त्याचा जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली.

विद्युत निरीक्षकाची तपासणी झाली. रुद्रप्पानं जबाब दिला, जे होतं तेवढंच सांगितलं. बिरुदेव आणखी आठ दिवसांनी सुटला. कुमारला अटक झाली, हलक्या कलमाखाली, आणि चार दिवसांनी तो जामिनावर बाहेर आला. कारखान्याच्या मालकानं त्याला बोलावून शांतपणे सांगितलं की तू काम चांगलं करतोस, पण आता माझ्या पॅनेलला तुझा हात लागलेला मला चालणार नाही. कुमारला ते बरोबर वाटलं. चादरींच्या एका कारखान्यात त्याला मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम मिळालं. ऑर्केस्ट्रातले बाकीचे तिघं दुसऱ्या पार्टीत गेले. सोनाली त्याला एकदाच म्हणाली की मला तरी सांगायचं होतंस. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

जूनच्या मध्यावर तो बिरुदेवच्या घरी गेला. जाऊ नको, असं वकिलानं बजावलं होतं. शहराच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, दारात एक शेळी. बिरुदेव बाजेवर बसला होता. चाळिशीचा असेल. उजवा हात कोपराच्या खाली वाकडा दिसत होता. मोडला तेव्हा प्लास्टर घातलं होतं आणि आठव्या दिवशी एक्स-रे काढून बघायला बोलावलं होतं. आठव्या दिवशी तो कोठडीत होता. हाड तसंच जुळलं. आता मूठ पुरी मिटत नव्हती, पक्कड धरता येत नव्हती.

कुमारनं आपण कोण ते सांगितलं. बिरुदेवची बायको मायाक्का आत होती, तिनं ऐकलं आणि ती बाहेर आली नाही. बिरुदेवनं त्याला बसायला सांगितलं. शेळी दोरी ओढत होती.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," बिरुदेव म्हणाला. "पन धा दिवस कशाला घेतलंस?"

कुमारनं वाटेत बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "भ्यालो," तो म्हणाला.

बिरुदेवनं मान हलवली. त्याला राग आला नाही, निदान दिसला नाही. त्यानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर नीट ठेवला आणि वायरमननं वायरमनला विचारावं तसं विचारलं की माझं अर्थिंग कसं होतं. कोठडीत सगळे त्याला सांगत होते की तुझ्या अर्थिंगमुळं माणूस मेला. त्यानं तर सकाळी सात वाजता खड्डा काढून सळई ठोकली होती, कोळसा आणि मीठ टाकलं होतं, दोनदा पाणी ओतलं होतं. मांडवाच्या कामात एवढं कुणी करत नाही. लॉनचे मालक हसले होते त्याला.

निरीक्षकाच्या अहवालात ते लिहिलेलं होतं. कुमारनं तो वाचला होता. बिरुदेवचं अर्थिंग इतकं चांगलं होतं की माईकवरून जमिनीत जायला करंटला कुठंच अडथळा नव्हता. ते कच्चं असतं, मांडवात असतं तसं, तर अमृत कदाचित नुसता झटका बसून मागं पडला असता. कुमारला आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत होता.

"लई चोख हुतं," तो म्हणाला.

"व्हय न्हवं?" बिरुदेव म्हणाला, आणि त्यानं आत वळून मायाक्काला चहा टाकायला सांगितला. आतून भांड्याचा आवाज आला नाही. थोडा वेळ वाट बघून कुमार उठला. कोर्टाची पुढची तारीख ऑगस्टातली होती. साक्षीदारांत बिरुदेवचं नाव होतं. तेव्हा भेटूच, असं बिरुदेव म्हणाला. कुमारनं त्याला हात जोडले आणि सायकल घेऊन तो कामावर गेला.